पाय लागल्याच्या नमस्काराला पिवळे कार्ड

मे महिन्यातला शेवटचा रविवार, नेदरलँड्समधले वाखनिंगन. सामन्याच्या उत्तरार्धात माझ्या सुनेला पिवळे कार्ड दाखवून दहा मिनिटे मैदानाबाहेर बसवण्यात आले. जबाबदार: सामन्याचे पंच.

त्यानंतरचा बुधवार. तिच्यावर एका सामन्याची बंदी घालण्यात आली. मोसमात उरलेला सामना एकच होता, आणि तो अंतिम होता. जबाबदार: स्पर्धेच्या शिस्त समितीच्या सचिवबाई. त्यांनी माझ्या सुनेला काही विचारले नाही, आणि जिचा अपमान झाला असे ठरवले तिलाही विचारले नाही.

त्यानंतरचा सोमवार. "लेखी हमी द्या आणि खेळा" असा तोंडी निरोप आला. जबाबदार: त्याच समितीचे अध्यक्ष.

जूनमधला दुसरा शनिवार, झूटरमेर. अंतिम सामना खेळला गेला, आणि तो चालू असताना माझी सून क्लबच्या कँटीनमध्ये क्रोकेट, म्हणजे इथले वडे, तळत होती. जबाबदार: वरील तिघेही, संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे.

वाचकांनी हे चार परिच्छेद एखाद्या दाव्याच्या सुरुवातीसारखे वाटले म्हणून कंटाळू नये. मी पुण्यात सहकार न्यायालयात आयुष्यभर वकिली केली आहे. गळणारी गच्ची, अडवलेले पार्किंग, मुदत संपूनही खुर्ची न सोडणारे सोसायटीचे चेअरमन, यांच्या सहवासात माझे केस पांढरे झाले. त्या सहवासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. कारणे न देता दिलेला निर्णय हा निर्णयच नसतो. आणि उत्तर येईपर्यंत पत्र लिहीत राहणे हा नागरिकाचा हक्क नव्हे, कर्तव्य आहे. मात्र पुढे जे सांगणार आहे ते केवळ तक्रारीचे नाही. या वर्षीच्या वसंतात, वयाच्या ज्या टप्प्यावर माणसे रक्तदाबाच्या गोळ्यांखेरीज कशाची वाट पाहत नाहीत त्या टप्प्यावर, मी दर रविवारची वाट पाहत होतो. आणि दुसऱ्याच्या देशातल्या ओल्या गवताच्या कडेला उभा राहून, घसा बसेपर्यंत ओरडत होतो.

मुलगा संगणक अभियंता, हेगमध्ये नोकरीला आणि झूटरमेरला राहायला. पत्नी गेल्यापासून मी दर उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याच्याकडे येतो. सून मूळची इस्लामपूरची. शाळेत खो-खो खेळली, कोल्हापूरला शेतीची पदवी घेतली, लग्नानंतर मुलाच्या परवान्यावर 'अवलंबित' म्हणून इथे आली. हा शब्द सरकारचा आहे, माझा नव्हे. पण पहिली काही वर्षे तो तिला चिकटून होता. शेजारच्यांच्या लेखी ती त्याची बायको, इथल्या मराठी मंडळात ती गणपतीच्या मोदकांची जबाबदारी घेणारी. मग तिने घरांमागच्या बागा आखून देण्याचे काम सुरू केले. इथल्या लोकांना अंगणात फरशी घालण्याची हौस आणि दहा वर्षांनी ती उखडून झाडे लावण्याचीही. दोन्ही हौशींवर तिचा व्यवसाय चालतो.

अशाच एका घरी ती फरशा उचलत होती. घरमालकीण शहरातली बस चालवते. उंच, रुंद, गालावर सतत लाली. तिने खिडकीतून पाहिले की ही सडपातळ बाई एका वेळी चार फरशांची चळत छातीशी धरून धावत जाते आहे. चालत नव्हे, धावत. ती बाहेर येऊन म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळी काय करतेस?" ही बसचालक बाई दक्षिण हॉलंड प्रांताच्या महिला रग्बी लीग संघाची कर्णधार निघाली. आपल्याकडे ज्याला राज्यस्तरीय म्हणतील तशी ही प्रांताप्रांतांची स्पर्धा. खेळाडू सगळ्या नोकरीधंद्याच्या बायका, मैदानाच्या रेषाही त्याच मारतात. दोन वर्षांत माझी सून संघाच्या उजव्या कडेवरची खेळाडू झाली, कारण तिला पकडणे अवघड होते. खो-खोत पाठलाग चुकवण्याचे जे शिक्षण होते ते इथे तसेच्या तसे कामी आले.

मी एप्रिलमध्ये पोचलो तेव्हा ती मला विमानतळावरून घरी आणताना म्हणाली, "बाबा, या वर्षी तुम्हाला मॅचेस बघायच्या आहेत. गुडघा कुरकुरतोय. वय अडतीस. आमचा हाउसआर्ट्स म्हणाला, अजून एक सीझन, मग पुरे. एक फायनल खेळते आणि थांबते." हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर, तो सहसा गोळीही देत नाही, त्याने सल्ला दिला म्हणजे प्रकरण गंभीर. संघ अंतिम सामन्यापर्यंत आजवर कधी पोचला नव्हता. म्हणजे तिला काय हवे होते ते मला पहिल्याच दिवशी समजले: एक अंतिम सामना, स्वतःच्या नावावर.

मी नियमांचे पुस्तक छापून घेतले. ज्या खेळाचे नियम वाचलेले नाहीत तो खेळ बघणे मला जमत नाही. आणि वाचता वाचता मी या खेळाच्या प्रेमात पडलो. बाजूला तेरा जणी. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. घेऊन पळायचे, मागच्या भिडूकडे द्यायचा, नाहीतर पायाने मारायचा. चेंडू असलेलीला पाडले की पाडणारीने तिला ताबडतोब सोडायचे. पडलेलीने उठून उभे राहायचे, चेंडू जमिनीवर ठेवायचा, तळपायाने मागे सारायचा, मागची तो उचलणार आणि पुन्हा धाव. असे सहा वेळा पकडले गेलात की चेंडू दुसऱ्या बाजूचा. सहा संधी, प्रत्येक संधी सर्वांसमक्ष, आणि पुढची तारीख मागण्याची सोय नाही. माझ्या सबंध कारकिर्दीत इतकी स्वच्छ कार्यपद्धती मी पाहिली नव्हती.

पहिला सामना घरच्या मैदानावर, फ्रीसलँडच्या संघाविरुद्ध. तिकडच्या मुली आमच्या दाराच्या चौकटीत मावणार नाहीत अशा. पहिल्यांदा सुनेच्या अंगावर दोघी एकदम कोसळल्या तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर ती उठून उभी होती, चेंडू मागे सारला होता, आणि परत कडेला धावत होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिला चेंडू मिळाला, समोर एक धिप्पाड बाई, आणि हिने उजवीकडे खांदा टाकला, डावीकडून गेली. धिप्पाड बाईच्या हाती वारा आला. मी माझ्याच मुलाच्या पाठीत गुद्दा घातला. तो म्हणाला, "बाबा, माझी पाठ!" मी म्हणालो, "बायकोकडे बघ!" ती रेषेपलीकडे चेंडूसकट झोपली होती. ट्राय. चार गुण, आणि नंतर चेंडू खांबांमधून मारला तर वर दोन. आसपासचे डच लोक माझ्याकडे बघून हसत होते; मी त्यांच्याशी हस्तांदोलन करत सुटलो, जणू माझाच सत्कार आहे.

त्या दिवशी एक गोष्ट घडत होती आणि मला ती दिसली नाही. ती पुढच्या सामन्यात दिसली, आणि दिसली तीही परक्यांनी केली म्हणून.

तो सामना अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला होता. उंच इमारती, मधे मैदान, पलीकडून मेट्रो जाते, आणि कडेला जगाच्या सगळ्या कोपऱ्यांतले लोक. एका सुरिनामी आजींनी मला त्यांच्या डब्यातले तळलेले केळे दिले आणि विरोधी संघाच्या असूनही माझ्या प्रत्येक ओरडण्याला मान डोलावली. खेळ चुरशीचा होता. मध्यंतरानंतर आमच्या कर्णधाराला पाडले. ती उठली, उठताना तिचा बूट खाली पडलेल्या मुलीच्या दंडाला लागला, आणि ही बसचालक बाई वाकली, त्या मुलीच्या दंडाला हात लावला, तो हात आपल्या छातीला लावला आणि मग चेंडू मागे सारला. मी चमकलो. पाच मिनिटांत तेच आमच्या दुसऱ्या एका खेळाडूने केले. मग तिसरीने.

सामना जिंकून कँटीनमध्ये आलो तेव्हा कर्णधार माझ्या समोर बसली. ती मला ओपा म्हणते, म्हणजे आजोबा.

"ओपा, तुमच्या सुनेची एक गोष्ट आम्ही चोरली. बघितलंत?"

"बघितलं. ते कुठं शिकलात?"

"तिच्याकडून! प्रत्येक वेळी करते. पाय लागला की हात लावते. आम्ही विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे असंच असतं. मला आवडलं. सॉरी म्हणायला तोंडात दम नसतो, हे पटकन होतं."

सून लाजेने पाण्याच्या बाटलीत बघत होती. "बाबा, खरं सांगू? मी करते हेच मला माहीत नव्हतं. ह्यांनी व्हिडिओ दाखवला तेव्हा कळलं."

"ती शेजारच्यांच्या कुत्र्यालाही करते," मुलगा म्हणाला.

"एकदाच केलं. आणि तो म्हातारा आहे."

आता वाचकांनी एक लक्षात घ्यावे. पहिल्या सामन्यात माझ्या सुनेने तो नमस्कार अनेकदा केला असणार. माझे डोळे शाबूत होते. पण मला तो दिसला नाही, कारण पाय लागल्यावर हात लावून छातीशी नेणे ही माझ्या दृष्टीने कृतीच नाही. श्वास घेताना छाती हलते तसे ते आहे. गोऱ्या हाताने केला तेव्हाच मला तो दिसला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे याच नमस्काराचा 'हेतू' काय, हे तीन व्यक्तींनी एकाही माणसाला न विचारता ठरवले.

मे महिन्याच्या अखेरीस साखळीतला शेवटचा सामना वाखनिंगनला होता, खेल्डरलँडच्या संघाशी. शेतकी विद्यापीठाचे गाव, संघात निम्म्या संशोधक. मी त्यांना मनातल्या मनात वाखनिंगनकर म्हणू लागलो होतो. त्यांचे अंतिम सामन्यातले स्थान पक्के होते. आम्हाला जिंकणे भाग होते. वारा असा की चेंडू हवेत मारला तर परत येऊन मारणारीलाच भेटत होता.

पूर्वार्धात पंचांनी आमच्या कर्णधाराला बोलावून काही सांगितले. नंतर समजले ते असे: "उठताना तुमच्या मुली जे करतात ते बंद करा." तिला वाटले, त्या उठायला वेळ लावतात असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून तिने सगळ्यांना ओरडून सांगितले, "लवकर उठा!" आणि सगळ्या लवकर उठू लागल्या, घाईने उठल्यावर पाय जास्त लागतात, आणि पाय जास्त लागले की हात जास्त जातात. पंचांच्या दृष्टीने हा उघड अवमान झाला असणार. एवढे मी त्यांच्या बाजूने मान्य करतो. याहून जास्त नाही.

उत्तरार्धात आम्ही चार गुणांनी पुढे होतो. सुनेने मधूनच एक फट शोधली आणि सुटली. मी कडेने तिच्याबरोबर धावलो. सत्तरीत माणूस जसा धावतो तसा, पण धावलो. वाखनिंगनकरांची शेवटची रक्षक बटाट्यावर संशोधन करणारी एक अतिशय उंच मुलगी होती. तिने झेप घेऊन हिचे पाय धरले. दोघी कोसळल्या. उठताना हिचा बूट त्या मुलीच्या कानाला घासला, आणि हिने तिच्या डोक्याला हात लावून छातीशी नेला. शिट्टी. पिवळे कार्ड.

मी "हरकत आहे!" असे मोठ्याने म्हणालो. मराठीत. त्या वाऱ्यातही ते सगळ्या मैदानाला ऐकू गेले असे मुलगा म्हणतो.

ती दहा मिनिटे मी कधी विसरणार नाही. आमच्या बाराजणी आणि त्यांच्या तेरा. त्या रेषेपर्यंत येत, आमच्या त्यांना रोखत. पुन्हा येत, पुन्हा रोखत. सहावी पकड, चेंडू आमचा, लगेच हातून निसटला, पुन्हा त्यांचा. सून बाकावर टॉवेल चावत बसली होती. कर्णधाराच्या भुवईतून रक्त येत होते आणि ती हसत होती. दोनदा तर चेंडू रेषेपलीकडे पोचला, पण आमच्या मुलींनी त्याच्याखाली स्वतःची अंगे घातली आणि तो जमिनीला टेकू दिला नाही. सून परत आत आली तेव्हा आम्ही अजून चार गुणांनी पुढे होतो, आणि शेवटची शिट्टीही तिथेच झाली. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो होतो. ती माझ्याकडे धावत आली, "बाबा, फायनल! बाबा, फायनल!" म्हणत, आणि चिखलासकट माझ्या कोटाला बिलगली.

कँटीनमध्ये ती उंच मुलगी स्वतःहून आमच्या टेबलाशी आली. कान लाल झाला होता.

"तू माझ्या डोक्याला हात का लावलास?" तिने सुनेला विचारले. "मला वाटलं, मी जिवंत आहे का ते बघतेयस."

सुनेने समजावून सांगितले. ती मोठ्याने हसली. "म्हणजे माझा कान तुझ्या बुटापेक्षा वरच्या दर्जाचा आहे? हे मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगणार." मग गंभीर होऊन म्हणाली, "मी काही तक्रार केलेली नाही हं. शिट्टी का वाजली मलाही कळलं नाही."

हा जबाब कँटीनमधल्या सर्वांसमक्ष दिला गेला. बुधवारी बंदी आली: 'प्रतिस्पर्ध्याची चेष्टा करणारी, समज देऊनही पुनरावृत्त केलेली कृती.'

मी अपील लिहिले. इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक देऊन. चेष्टेसाठी हेतू लागतो. हेतू कुठे सिद्ध झाला? समज दिली ती कोणत्या शब्दांत, आणि ती खेळाडूपर्यंत पोचली का? जिची चेष्टा झाली म्हणता तिला विचारले का? दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा देता येते असे तुमच्या कोणत्या नियमात आहे? मुलगा वाचून म्हणाला, "बाबा, हे सुप्रीम कोर्ट नाही. पाच लोकांची व्हॉलंटियर कमिटी आहे. त्या बाई दिवसा शाळेत शिकवतात."

"मग त्यांना कारण देण्याची सवय असायला हवी," मी म्हणालो.

कर्णधाराने त्याचा डच सारांश पाठवला, आणि त्या उंच मुलीनेही आपले म्हणणे पाठवले. समितीचे उत्तर दोन ओळींचे: दृश्यफीत पाहिली, निर्णय कायम. त्या मुलीच्या म्हणण्याचा उल्लेखही नाही.

सोमवारी संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो. सून चहा गाळत होती. कर्णधाराचा फोन आला, सुनेने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"अध्यक्षांनी मला फोन केला. म्हणतात, तिने लिहून द्यावं की असं पुन्हा करणार नाही, ते बंदी मागे घेतील. एक ओळ. बस्स. सही कर ना, प्लीज! आम्हाला तू हवी आहेस."

फोन ठेवल्यावर मी लगेच म्हणालो, "सही कर. वर 'सर्व हक्क अबाधित ठेवून' असे लिहू. कायदेशीरदृष्ट्या तू काही कबूल करत नाहीस. शनिवारी खेळ, नंतर मी त्यांना बघून घेतो."

"आणि शनिवारी पाय लागला तर?"

"तर हात आवरायचा. पाच दिवस सराव कर."

तिने चहा गाळून संपवला. चहाचा कप माझ्यासमोर ठेवायला आली आणि टेबलाच्या कडेवरचे माझे नियमांचे पुस्तक तिच्या कोपराने खाली पडले. माझ्या पायावर. मी वाकलो, पुस्तकाला हात लावला, हात कपाळाला लावला, पुस्तक उचलून टेबलावर ठेवले आणि कपाकडे हात नेला.

मुलगा हसत सुटला. ती हसत नव्हती.

"बाबा, मुद्दाम पाडलं मी. तुम्ही आत्ता काय केलंत?"

मला क्षणभर खरोखर कळेना, ती काय विचारते आहे.

"पाच दिवस सराव करा म्हणालात. आणि तुम्ही तर खुर्चीत बसला होतात, कोणी तुम्हाला पाडलं नव्हतं, श्वास लागला नव्हता. तुम्ही द्याल लिहून?"

मुलगा म्हणाला, "अगं, कोणाला कळणार आहे? लिहून दे. लागलाच पाय तर लागला."

"मला कळेल ना! माझा हात माझ्या आधी जातो. जे माझ्याच्यानं पाळलं जाणार नाही, ते लिहून कसं देऊ? मग तर मी खरंच खोटी ठरेन. आत्ता निदान मी चूक केलेली नाही."

माझ्या कारकिर्दीत मी शेकडो अशिलांकडून हमीपत्रांवर सह्या करून घेतल्या आहेत, आणि त्यातली किती पाळली गेली हे विचारण्याच्या भानगडीत पडलो नाही. ती चहा घेऊन बागेत गेली आणि अंधार पडेपर्यंत आत आली नाही. तिला किती खेळायचे होते हे आम्हा दोघांना माहीत होते, म्हणून आम्ही तिच्या मागे गेलो नाही. त्याच रात्री मी अध्यक्षांना उत्तर पाठवले: माझी अशील जे पाळण्याची खात्री देऊ शकत नाही ते लिहून देत नाही, आणि हे तिचे चारित्र्य आहे, अपराध नव्हे.

शनिवारी सामना आमच्याच मैदानावर. इथल्या क्लबांत नोकर नसतात. जो खेळत नाही तो कँटीन सांभाळतो. बंदीमुळे सुनेची पाळी लागली. तिने एप्रन बांधला आणि तेलाच्या कढईशी उभी राहिली. कँटीनच्या खिडकीतून मैदानाचा उजवा कोपरा दिसतो, तोच जिथे ती खेळली असती. तिच्या जागी एक परिचारिका होती, रात्रपाळी करून आलेली, संघात नवी, भीतीने पांढरीफटक.

काय सामना झाला! वाखनिंगनकरांनी पहिल्या काही मिनिटांतच ट्राय केला. आम्ही बरोबरी केली. त्यांनी पुन्हा पुढे जावे, आम्ही पुन्हा गाठावे. मी रांगेत उभ्या सगळ्या गर्दीला नियम समजावून सांगत होतो, आणि गंमत म्हणजे लोक ऐकत होते. मध्यंतरात मी कँटीनमध्ये धावलो.

"किती झाले?" सून कढईतून मान वर न करता म्हणाली.

"दोघांचे दहा दहा. तुझी नर्स घाबरते आहे."

"तिला सांगा, चेंडूकडे बघू नको, समोरचीच्या कमरेकडे बघ. खांदा फसवतो, कंबर फसवत नाही."

मी हा निरोप सीमारेषेवरून त्या परिचारिकेला इंग्रजीत ओरडून दिला. पंचांनी माझ्याकडे बघितले. नियम मी वाचले आहेत. प्रेक्षकाने ओरडणे हा गुन्हा नाही.

शेवटची मिनिटे. आम्ही चौदा, ते सोळा. चेंडू आमचा, पाच पकडी संपलेल्या. सहावीला चेंडू जाणार, म्हणजे सामना जाणार. कर्णधाराने चेंडू उजव्या कोपऱ्याकडे उंच मारला. तो हवेत असताना मागून आवाज आला. सून एप्रनसकट, हातात झारा घेऊन, कँटीनच्या दारात आली होती आणि इस्लामपूरच्या मैदानावरच्या आवाजात ओरडत होती: "पळ! पळ गं बाई! आत्ता! आत्ता!" त्या परिचारिकेला एक अक्षर कळले नसेल. पण ती पळाली. उंच मुलगी आणि ती दोघींनी एकदम उडी मारली, आणि चेंडू खाली आला तो परिचारिकेच्या कवेत. ती कोपऱ्यातल्या झेंड्याला घासत रेषेपलीकडे पडली. अठरा, सोळा.

त्यानंतर काय झाले ते मला तुटक आठवते. मी कोणाच्या तरी खांद्यावर होतो की कोणी माझ्या, हे मुलगा सांगू शकेल. कँटीनमधले क्रोकेट करपल्याचा वास सगळ्या मैदानभर पसरला होता. सून मैदानात धावली, त्या परिचारिकेला उचलले, आणि चिखलाने माखलेल्या बाकीच्या बारा बायका तिच्यावर कोसळल्या. पदके वाटली गेली तेव्हा ती रांगेत नव्हती, कारण पदक त्या दिवशीच्या यादीतल्यांनाच मिळते. ती कढई घासत होती. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "जा ना बाबा, फोटो काढा. मी ठीक आहे." ती ठीक नव्हती. कढई केव्हाच स्वच्छ झाली होती.

आम्ही हरलो असतो तर मी हे लिहिले नसते. पराभूताच्या तक्रारीला लोक चडफड म्हणतात. आम्ही जिंकलो. समितीच्या निर्णयाने आमचे काहीही नुकसान झालेले नाही, एका बाईचे सोडून. म्हणून हा प्रश्न निखळ आहे, आणि म्हणूनच मी तो सोडणार नाही.

काल रात्री जेवताना सुनेने सांगितले की गुडघा आणि डॉक्टर काहीही म्हणोत, ती पुढचा मोसम खेळणार आहे. "एक फायनल बाकी आहे माझी," ती म्हणाली. मुलाने कपाळाला हात लावला. मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

अध्यक्षमहोदय, हे लिखाण माझा मुलगा इंग्रजीत आणि आमची कर्णधार डचमध्ये करून तुमच्याकडे पाठवणार आहे. मराठीत मी ते साक्षीदारांसाठी लिहिले आहे. शरद ऋतूत तुमच्या स्पर्धेची वार्षिक सभा आहे, सर्व खेळाडू हजर असतात, आणि त्यानंतर लगेच नव्या मोसमाची नोंदणी सुरू होते. माझी सून नोंदणी करणार. पळणार, पडणार, उठणार; तिचा पाय कोणाला तरी लागणार, आणि तिचा हात जाणार. तो थांबवण्याची हमी ती तुम्हाला तेव्हाही देणार नाही. तेव्हा दोन ओळींचे पत्र नको, कर्णधाराच्या फोनवरचा निरोप नको. त्या सभेत उभे राहा, ध्वनिक्षेपक हातात घ्या, आणि सगळ्या प्रांतांच्या खेळाडूंसमोर सांगा: आपला पाय लागलेल्या माणसाला हात लावून तो छातीशी नेणे हा तुमच्या नियमांप्रमाणे अपराध आहे की नाही? असेल, तर कोणत्या कलमाखाली?